शेवंतीच्या हातचा आवाज

मित्रांनो, मला जुनी म्हणा, हरकत नाही. पण अडगळ म्हणाल तर खपवून घेणार नाही. मी विजेवर वाजणारी गिटार आहे, आणि भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत तरी माझ्यासारखी दुसरी नव्हती.

बोटीवर खलाशी असलेल्या कुशाबाने विलायतेहून माझे सुटे भाग एका खोक्यातून आणले आणि आपल्या मित्राच्या, लवूच्या, हवाली केले. लवू गिरणीत यंत्रं जुळवणारा जोडारी. त्याने माझी मान धडाला आवळली, मानेवरच्या, बोटांना कापणाऱ्या धातूच्या पट्ट्या कानशीने गुळगुळीत केल्या, आणि पॉलिश तर असं केलं की माझी मलाच दृष्ट लागावी.

खोट एकच निघाली. माझ्या तारांखाली चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यावरच माझा आवाज. ते आतून तुटलेलं होतं. नवीन करायचं तर केसाएवढ्या बारीक तारेचे सात हजार फेरे.

लवूची बायको शेवंती म्हणाली, "दी माका." बारा वर्षं ती गिरणीच्या खात्यात सूत गुंडाळायची, तुटलं की गाठ मारून जोडायची. मग नवी यंत्रं आली, बायकांना घरी बसवलं. तेव्हापासून आपले हात फुकट गेले, असंच ती धरून चालली होती. तिने शिवणयंत्राच्या चाकावर फेरे घातले, मोजून, न चुकता.

सन साठचा एप्रिल सरत होता. मुंबईसह महाराष्ट्र मिळाला होता. एक मेला चौकात गाणी ठरली होती, आणि 'माझी गिटार वाजणार' असा शब्द लवू मंडळात देऊन बसला होता.

तीन दिवस आधी मला लाउडस्पीकरला जोडलं. मी मुकीच. लाउडस्पीकरवाले बाबुराव हसले, "लवू, ही गिटार आहे की आंब्याची पेटी? ढोलकीच आण तू." मित्रांनो, लाज वाटली मला. शेवंती तर पदर तोंडाला लावून खोलीत निघून गेली.

मला घेऊन लवू तिच्यामागे गेला. त्याने हळूच विचारलं, "फेरे घालताना तार तुटली होती काय गो?"

"दोनदा. खात्यातली गाठ मारलंय. बोटाक सुदिक लागाची नाय."

लवूने कपाळाला हात लावला. "अगो, तारेक वरसून लेप असता. गाठीतसून सूत जाता, वीज जाणा नाय."

ती रागावली नाही, रडलीही नाही. सगळं वेटोळं तिने उलगडलं. तुटल्या जागी लवूने लेप खरवडून, कथलाचा डाग देऊन तार जोडली, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून फेरे घातले. चूल सांभाळून तीन दिवस लागले.

एक मेच्या संध्याकाळी लवूने पहिली तार छेडली, आणि समोरच्या चाळीतली माणसंही गॅलरीत धावली. काय सांगू, माझा ऊर भरून आला. बाबुराव स्वतः पुढे आले. "आवाज कुठल्या कंपनीचा रे?"

लवू माइकवरच म्हणाला, "आमच्या शेवंतीचा."

बायकांनी शेवंतीला पुढे ढकललं. ती सगळ्यांसमोर उभी राहिली. हात मात्र तिने पदराखाली लपवले नाहीत.

आज लवू नाही, शेवंती नाही. माझं पॉलिश उडालंय, खुंट्या सैल झाल्यात. मित्रांनो, खुंट्या बदला, रंगही नवा द्या. पण एखाद दिवशी माझा आवाज बसला, तर नवीन भाग आणायला लगेच धावू नका. आधी ते वेटोळं धीराने उलगडा, आणि उलगडताना फेरे मोजा. सात हजार भरतील, एकही कमी नाही.