साडीला नसलेली जांभळी किनार

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. जुना म्हणजे असा, की फोटो फ्लॉपीवर ठेवतो आणि वजनात नारळाला हरवतो. माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे कुणी पेढे वाटल्याचं आठवत नाही.

नव्याण्णव साली मी सुरतेला, लिंबायतच्या गायत्रीताईंकडे आलो. शिलाईकाम सोडून त्यांनी साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढायला घेतले होते. रोल नको, धुलाई नको, फोटो लगेच कॉम्प्युटरवर! माझं इतकं कौतुक झालं, की दसऱ्याला मला शिलाई मशीनच्या आधी हळदकुंकू लागलं. मशीन आठवडाभर कुरकुरत होतं.

पण झगझगीत आभाळासमोर काही धरलं, की त्याच्या कडेला मी जांभळी रेघ ओढायचो. भिंगातून जाताना सगळे रंग सारखे वळत नाहीत. जांभळा जरा उनाड, तो कडेबाहेर सांडतो.

साड्यांचे व्यापारी गणपतशेठ यांची पांढरीशुभ्र साडी ताईंनी गच्चीवर टांगून काढली. फोटोत तिला जांभळी किनार आली. नागपूरच्या व्यापाऱ्याला ती फार आवडली आणि त्याने तशाच साड्या मागवल्या. आता शेठनी खरं सांगायचं की नाही? त्यांनी पांडेसऱ्याच्या छपाई कारखान्यात फोन केला आणि किनार छापून घेतली. सुरतेत आलेली ऑर्डर परत पाठवत नाहीत, साडीलाच फोटोसारखं करतात.

छपाईवाले धुडकूभाऊ नवी साडी राखाडी चादरीत गुंडाळून घेऊन आले. कॅटलॉगसाठी गच्चीवरच तिचा फोटो काढला, तर किनारी दोन: एक छापलेली, एक माझी.

"बेन, आ शुं? दुसरी पण छापायची का?" शेठ म्हणाले.

"छापा," धुडकूभाऊ शांतपणे म्हणाले. "मंग तिना फोटोमा तिसरी निंघी."

शेठ खरोखर विचारात पडले. "पण कुठेतरी थांबेल ना?"

"साडी संपली की थांबेल," ताई म्हणाल्या.

शेठ हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत एका किनारीचा फोटो द्या, नाहीतर कॅटलॉग दुसऱ्या स्टुडिओला, असं सांगून ते खाली चहाला गेले. ताईंचं सगळं काम या एका शेठवर चालत होतं.

ताईंनी कॉम्प्युटरवर जांभळा रंग पुसून पाहिला. खोटी किनार गेली आणि खरीही गेली. साडी पुन्हा पांढरी!

"आता हिले विधवा करी टाकं का?" धुडकूभाऊ म्हणाले.

"गप बसा, आणि ती चादर द्या."

ताईंनी पदर खोचला. साडी उन्हातून काढून सावलीत टांगली. मागचं आभाळ धुडकूभाऊंच्या राखाडी चादरीने झाकलं. किनार फोटोच्या कोपऱ्यात जायची आणि कोपऱ्यात तर मी जास्तच बहकतो. ती त्यांनी बरोबर मधोमध घेतली. फोटो बिघडला. पुन्हा काढला. फ्लॉपी भरली, पुसली, पुन्हा भरली. माझी बॅटरी दमली, ताई दमल्या नाहीत.

शेठ वर आले. एक बोट साडीवर आणि दुसरं पडद्यावर ठेवून त्यांनी किनारी मोजल्या.

"एक," ते म्हणाले. "आणि इथे पण एक. बेन, पुढच्या साड्या उद्या पाठवतो."

मित्रांनो, मी नंतर सुधारलो नाही. भिंग तेच, खोडही तीच. फक्त मला कुठे उभं करायचं, हे एका माणसाने हट्टाने शोधून काढलं. तुमच्याही कपाटात माझ्यासारखा कुणी धूळ खात असेल, तर त्याला भंगारात घालण्याआधी एकदा उन्हातून सावलीत नेऊन बघा.