मागच्या सीटचं माप

मास्तरांच्या दोन्ही गुडघ्यांनी एकाच आठवड्यात संप पुकारला आणि डॉक्टरांनी त्यांना स्कूटर चालवायला बंदी केली. बंदी चालवायला आहे, बसायला नाही, हे मास्तरांनी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं. जुनी स्कूटर तशीही सव्वीस वर्षांची झाली होती. भंगारवाल्यानं ती हातगाडीवर चढवली तेव्हा झालेला आवाज ती चालू असतानाच्या आवाजापेक्षा कमीच होता. आता नवी घ्यायची आणि ती मास्तरांची बायको, म्हणजे मास्तरीणबाई, चालवणार असं ठरलं. ठरलं म्हणजे बाईंनी सांगितलं. भावाच्या मुलीकडून तीन महिने गुपचूप शिकून त्यांनी लायसनही काढलं होतं, आणि ते त्यांनी मास्तरांसमोर कापड कापायच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

मास्तरांनी लायसन उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. "फोटोत कॉलर वाकडी आहे," ते म्हणाले.

मास्तर म्हणजे शिंपी. कोट आणि पँट यांत त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, असं ते स्वतःच सांगत आणि ते खरंही होतं. गिऱ्हाइकं मात्र त्यांच्याबरोबरच म्हातारी होत चालली होती. निम्म्यांना दुकानाच्या चार पायऱ्या चढवत नसत, म्हणून ट्रायल त्यांच्या घरी जाऊन घ्यावी लागे. मास्तर पुढे, बाई मागे, अशी ही वरात रोज दुपारी निघायची. आता गुडघ्यांमुळे पुढची जागा रिकामी झाली होती आणि बाईंनी ती एका घासात गिळली होती.

बाईंची निवडही झाली होती. बाजारातल्या शोरूमच्या काचेत एक छोटी, पिवळीजर्द, काळ्या पट्ट्यांची स्कूटर उभी असायची. पुढचं तोंड टोकदार, मागचा भाग वर उचललेला. उभी असतानाही आत्ता पळेल की मग अशी दिसायची. कॉलेजातल्या पोरांनी घ्यावी अशी ती गाडी, पण बसमधून जाताना रोज तिच्याकडे बघून बघून बाईंचं मन तिच्यावर बसलं होतं.

"ती मुंगीसारखी गाडी?" मास्तर म्हणाले. "चिडलेल्या मुंगीसारखी?"

"हो. तीच."

"वस्तू मापानं घ्यावी, डोळ्यांनी नाही," असं म्हणत मास्तरांनी मापांची वही काढली.

या वहीबद्दल सांगायला हवं. तिच्यात सगळ्या गिऱ्हाइकांची मापं होती आणि मास्तरांचा तिच्यावर आरशापेक्षा जास्त विश्वास होता. बाईंचंही एक पान होतं. त्यावर एकदा हौसेनं शिवलेल्या पँटचं माप होतं: लांबी अडतीस. मास्तरांचं तत्त्व असं, की माणूस वाढतो, आटत नाही. म्हणून ते प्रत्येक शिवणीत दोन इंच जास्तीचं कापड, शिंपी ज्याला माया म्हणतात ते, आत दडवून ठेवत. अडतीस आणि दोन चाळीस. त्यांनी शोरूमला फोन लावला आणि सांगितलं, "बाईंचा पाय चाळीस इंच आहे. त्या बेतानं भरदार गाडी काढून ठेवा. मागची सीट ऐसपैस हवी."

पलीकडचा माणूस अदबीनं म्हणाला, "चाळीस? बाई खेळाडू आहेत का?"

शोरूममध्ये गेल्यावर त्या माणसाला बघून मास्तरांचं अर्धं लक्ष उडालं. बोलायला गोड होता बिचारा, पण त्याच्या अंगातल्या निळ्या कोटाचे खांदे दंडावर उतरले होते आणि बगल इतकी आवळ होती की हात वर करताना तो श्वास रोखायचा. तो मायलेज सांगत होता आणि मास्तर त्याच्या बाहीकडे बघत होते.

"ही बघा, साहेबांनी सांगितली तशी," तो म्हणाला. गाडी खरोखरच भरदार होती. करड्या रंगाची, रुंद बुडाची, आणि मागची सीट म्हणजे दिवाणखान्यातला कोचच. मास्तरांनी टेप काढून ती मोजली. "अठरा इंच!" ते इतक्या आनंदानं ओरडले की शेजारी हेल्मेट बघणारं गिऱ्हाईक दचकलं.

"नाकापेक्षा मोती जड," बाई म्हणाल्या.

"बसून तर बघ. सीट एकतीस इंचांवर आहे. तुझा पाय चाळीस. नऊ इंच शिल्लक राहतील."

गाडी मोठ्या स्टँडवर होती. बाई पायरीला पाय लावून चढल्या आणि बसल्या. निळ्या कोटवाल्यानं गाडी पुढे ढकलून स्टँड काढला. बाईंनी दोन्ही पाय खाली सोडले. पाय खाली गेले, आणखी गेले, आणि जमिनीच्या चार बोटं वर हवेत लटकत राहिले. चाळीस इंचांचं काय झालं, हे बघायला मास्तर खाली वाकले, आणि तेवढ्यात गाडी सावकाश, एखादा जाडा माणूस कुशीवर वळावा तशी डावीकडे कलू लागली.

"अहो! अहो!"

निळा कोटवाला धावला. त्यानं एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं बाईंना सावरलं, आणि त्याच क्षणी त्याच्या कोटाची बगल कमरेपर्यंत टर्रकन फाटली.

गाडी वाचली होती. बाई वाचल्या होत्या. मास्तर मात्र फाटलेल्या बगलेजवळ जाऊन आत डोकावले. "मी आल्यापासून बघतोय," ते समाधानानं म्हणाले. "माया सोडलेलीच नाही! अर्धा इंचसुद्धा नाही! कुठल्या कसायानं शिवलाय?"

"त्या कोटाचं नंतर बघा," उतरून पदर खोचत बाई म्हणाल्या. "आधी माझ्या पायाचं सांगा. चाळीस इंच कुठून आणलेत?"

"वहीतून. पँटची लांबी."

"पँटची लांबी तुम्ही कुठून कुठे मोजता?"

पँटची लांबी बाहेरून मोजतात, कमरेपासून टाचेपर्यंत. स्कूटरवर बसणारा माणूस कमरेपासून सुरू होत नाही. तीस वर्षं मापं घेणाऱ्या माणसाची ही चूक होती, आणि तीही चौघांदेखत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाई एव्हाना पिवळ्या गाडीकडे पोचल्या होत्या. कोणाची मदत न घेता त्या तिच्यावर बसल्या. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. कोपर जरासं वाकलं, पाठ सरळ राहिली. मास्तरांच्या सरावलेल्या डोळ्यानं एका नजरेत ओळखलं, की हे माप बसलं. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

"रंग फार भडक," ते म्हणाले.

"रस्त्यात दिसते तरी."

"चाकं छोटी. खड्ड्यात बसेल."

"खड्डा चुकवेन. तुम्ही कधी चुकवायचा नाहीत."

"डिकी किती एवढीशी!"

"अहो," बाई म्हणाल्या, "ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय आहे ते बोला."

मास्तरांनी टेप उघडली आणि पिवळ्या गाडीची मागची सीट मोजली. नऊ इंच. वर चढत गेलेली, निमुळती, मांजरानंसुद्धा विचार करून बसावं अशी. मास्तरांची बैठक, म्हणजे बसायच्या जागेचा घेर, बेचाळीस होती. बेचाळीस नऊमध्ये जात नाही, मग कितीही उसवा. सव्वीस वर्षं ती दोघं दुपारी एकत्र निघाली होती आणि एकत्र परतली होती. आता बाई एकट्या निघणार, आणि आपण शिवणयंत्रापाशी बसून दरवाजाकडे बघत राहणार, हा विचार त्यांना सोडत नव्हता. डॉक्टरांकडे गेले त्या दिवसापासूनच सोडत नव्हता. पण असलं काही तोंडानं सांगायचं कसं? त्यापेक्षा चाकांवर बोलणं सोपं.

"मी चौकापर्यंत जाऊन येते," बाई म्हणाल्या. फाटक्या कोटवाल्यानं हेल्मेट दिलं, मास्तरांनी बंद आवळून दिला, आणि गाडी बारीक आवाज करत काचेच्या दरवाजातून बाहेर पडली. चौक दोनशे पावलांवर होता.

पाच मिनिटं झाली, मग दहा झाली.

"सिग्नल लागला असेल," कोटवाला म्हणाला.

पंधरा मिनिटांनी मास्तर उठून दरवाजात उभे राहिले. गुडघे ओरडत होते, त्यांना त्यांनी ओरडू दिलं. वीस मिनिटांनी त्यांनी बाईंना फोन लावला. तो त्यांच्याच खिशात वाजला, कारण निघताना बाईंनी आपला फोन त्यांच्याकडेच दिला होता. कोटवाल्यानं पाणी आणून दिलं. मास्तरांनी त्याला कोट काढायला लावला, खिशातली सुई ओवली, आणि बसल्याजागी त्याची बगल शिवायला घेतली. निदान हातांना काही काम हवं होतं.

"काळजी करू नका साहेब. बाई सफाईनं चालवतात."

"मला काय माहीत कशी चालवते?" मास्तर चिडून म्हणाले. "ती नेहमी माझ्या मागे असायची. मी तिला स्कूटरवर कधी बघितलंच नाही."

बोलल्यावर त्यांनाच ते विचित्र वाटलं. सव्वीस वर्षांच्या दुपारी, आणि त्या दुपारींमध्ये बायकोचा चेहरा कसा असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. फार तर आवाज. डावीकडे घ्या. हळू. अहो, तो कुत्रा.

चाळिसाव्या मिनिटाला पिवळी गाडी कोपऱ्यावरून वळली. वळताना ती नेमकी तेवढीच झुकली जेवढी झुकायला हवी, आणि शोरूमच्या दारात येऊन झोकात थांबली. बाईंनी हेल्मेट काढलं. केस विस्कटले होते, गाल लाल झाले होते, आणि त्या हसत होत्या. कोणाकडे बघून नाही, नुसत्याच. मास्तर हातात सुई धरून बघत राहिले.

"कुठे गेली होतीस?"

"कुठेच नाही."

"कुठेच नाही तर इतका वेळ लागला?"

"कुठेच जायचं नसलं की लागतो वेळ," बाई म्हणाल्या. "कोणाची ट्रायल नाही, काही नाही. नदीच्या पुलावरून गेले, पलीकडे एक चक्कर मारली, परत आले. मग पुन्हा गेले."

"मला वाटलं, पडलीस."

"नाही पडले."

"मग मला वाटलं," मास्तर म्हणाले, "मला वाटलं, की आता हे असंच होणार. तू जाणार आणि मी दारात उभा. म्हणून मला ती मोठी गाडी हवी होती. रंगाचं काही नव्हतं. रंग चांगला आहे."

कोटवाला शहाणा होता. तो कोट घेऊन मागच्या खोलीत गेला.

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. "सांगायला इतके दिवस लागले?"

"ती गाडी तुझ्या मापाची आहे," मास्तर म्हणाले. "तीच घे. मी शिंपी आहे, मला कळतं. मी राहीन दुकानात."

"राहा की. पण आज आपण दोघं आलोय आणि परतीची बस सहाला आहे. बसा मागे. दुकानापर्यंत सोडते, मग गाडी परत आणून देते आणि कागद करते."

"नऊ इंचांवर?"

"जेवढे मावाल तेवढे बसा. उरलेले माझ्या बाजूला सरका."

मास्तरांनी कोटवाल्याला हाक मारली. त्यानं दुसरं हेल्मेट आणलं, एक पाय उचलून द्यायला मदत केली, आणि मास्तर एकदाचे वर चढले. सीट अर्धी पुरली, पण पुरली. बाईंनी गाडी सुरू केली. मास्तरांनी मागे चाचपलं, बाजूला चाचपलं. या गाडीला मागच्या माणसाला धरायला काहीच नव्हतं, ना कडी, ना दांडा.

"धरायचं कुठे?" ते घाबरून म्हणाले. "तू काय धरायचीस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"दोन्ही हात कोटांना असायचे. मांडीवर ट्रायलचे कोट, ताजी इस्त्री केलेले. जरा सुरकुती पडली तर तुम्ही दिवसभर धुसफुसायचात. मग तोल सांभाळत बसायचे."

"सव्वीस वर्षं?"

"खड्डा आला की नुसते डोळे मिटायचे."

मास्तरांना एकेक खड्डा आठवला, आणि त्यांच्यातला एकही त्यांनी चुकवलेला नव्हता. त्यांनी दोन्ही हात पुढे नेऊन बाईंच्या कमरेभोवती घट्ट धरले, भर रस्त्यात, शोरूममधल्या सगळ्या माणसांसमोर.

"अजून घट्ट धरा," बाई म्हणाल्या. "मी जरा जोरात जाते."