गोळीला फुटलेले केस

बरणीवरचं फडकं सरकलं आणि दोनशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला. आठवड्यापूर्वी गुळगुळीत असलेल्या गोळ्यांना केस फुटले होते. पांढरे, ताठ, दिव्याच्या उजेडात चमकणारे.

"हे विष," शुद्धीमहाराज हलक्या आवाजात म्हणाले. हळू बोललं की माणसं पुढे वाकतात, हे त्यांना ठाऊक होतं. "कारखान्यानं आत कोंबलेलं, आम्ही बाहेर ओढलेलं. डॉक्टरांची गोळी सोडा, असं आम्ही म्हणतच नाही. फक्त आमच्याकडून शुद्ध करून घ्या."

मग मखमलीच्या तुकड्यानं केस पुसून त्यांनी गोळ्या ज्याच्या त्याच्या डबीत टाकल्या. ज्या गोळ्यांना केस फुटत नसत, त्यांचं विष 'मुरलेलं' असे. ती मंडळी पुन्हा रांगेत.

मागे उभी असलेली औषधवाली बाई त्यांना मनातल्या मनात गाळणीबुवा म्हणायची. कोपऱ्यावर तिचं वीस वर्षांचं औषधाचं दुकान होतं. आज मात्र तिला हसू येत नव्हतं. रांगेत तिची भावजय उभी होती आणि तिच्या डबीत धाकट्या भावाच्या फिटच्या गोळ्या होत्या. भाऊ रंगारी. चार वर्षं फिट आली नव्हती, म्हणून त्यानं पुन्हा शिडी धरली होती. येत्या सोमवारपासून पाण्याच्या उंच टाकीचं काम.

"अगं, या गोळ्या त्याला देऊ नकोस," बाहेर आल्यावर बाई म्हणाली.

"तीन आठवडे देतेय, वन्सं. काही झालं का?"

"झालंय की," बाहेर थांबलेला भाऊ हसला. "सकाळी हात आपोआप उडतो. परवा ब्रश सुटला तो थेट मालकाच्या टकलावर."

"महाराज म्हणाले, विष निघतंय."

"मालकाचं?"

असा हात उडणं ही फिट परतत असल्याची खूण, हे बाईला ठाऊक होतं.

तिचा होरा साधा होता: बुवा गोळ्या बदलून खडूच्या देतो. तिनं डबीतली एक गोळी उचलली आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे पाठवली. यात औषध किती, भेसळ किती, एवढं सांग.

अहवाल आला. औषध पूर्ण. भेसळ नाही.

बाईनं तो प्रामाणिकपणे घरी दाखवला, भावजयीनं तो महाराजांना नेऊन दिला आणि दुसऱ्याच दिवशी महाराजांनी तो व्यासपीठावरून वाचला. "प्रयोगशाळाही म्हणते, शुद्ध!" शेवटची ओळ तेवढी त्यांनी वाचली नाही. रांग दुप्पट झाली. बुवाला प्रमाणपत्र मिळवून दिलं ते गाळणीबुवा म्हणणारीनंच.

"तू शुद्धता विचारलीस, मी शुद्धता सांगितली," मैत्रीण फोनवर म्हणाली. "रूप कुठे विचारलंस? शेवटची ओळ वाच. ओलावा. काही औषधांचे स्फटिक दमट हवेत पाणी धरतात आणि नव्यानं रचले जातात, सुयांसारखे. औषध तेच, पण गोळी होते दगड. पोटात नीट विरघळत नाही, तशीच पुढे जाते."

"आणि केस?"

"त्याच सुया. डब्यात ओला स्पंज ठेव, उबेला ठेव. चार दिवस बघ."

बाईनं हे घरी सांगितलं, पण भावानं नकारार्थी मान हलवली. "ताई, अहवाल तूच आणलास. आता तूच उलट बोलतेस. रविवारी दाखव, मग बघू." आणि तिच्यादेखत त्यानं शुद्ध गोळी गिळली. ते चार दिवस दुकानातला फोन वाजला की बाई गिऱ्हाईक सोडून धावायची.

रविवारी ती दोन ग्लास आणि एक जेवणाचा डबा घेऊन सरळ व्यासपीठावर चढली. एका ग्लासात पाकिटातली नवी गोळी टाकली, दुसऱ्यात महाराजांची. थोड्या वेळानं पहिल्या ग्लासाच्या तळाशी नुसता गाळ उरला. दुसऱ्यातली गोळी खड्यासारखी बसून.

"शुद्ध वस्तू अचल असते," महाराज मंद हसले.

काहींनी मानाही डोलावल्या. बाईनं डब्याचं झाकण काढलं. स्पंजाशेजारी नवीन पाकिटातल्या गोळ्यांना पांढरे केस.

"या माझ्या स्वयंपाकघरात शुद्ध झाल्या," ती म्हणाली. "मी काही तप केलेलं नाही. सिलिंडर संपला म्हणून शिव्या मात्र घातल्या. महाराज, बरणीवरचं ते फडकं पिळून दाखवता?"

महाराजांनी दाखवलं नाही. दुसऱ्या रांगेतला एक खाकी शर्टवाला उठला, त्यानं व्यासपीठावर येऊन ते फडकं पिळलं. पाण्याची धार लागली. तो तसाच उभा राहिला, ओल्या हातानं खिशातली डबी चाचपत.

"मी याच गोळ्या घेतो," तो म्हणाला. "दोन महिने. मी शाळेची बस चालवतो."



भाऊ जागेवरून उठला. त्यानं बायकोच्या हातातली डबी घेतली, बंद केली. "ताई, चल डॉक्टरकडे. आत्ता." सोमवारी त्याची शिडी टाकीखाली आडवीच पडून होती, ड्रायव्हरची बस दुसऱ्यानं चालवली.

महाराज दुसऱ्या गावी गेले. तिथेही हवा दमट असेलच. म्हणून एवढंच सांगायचं: चमत्कार दिसला की त्याला घरी करून बघा, आणि प्रश्न विचारताना अर्धाच विचारू नका. बाकी खरा मंत्र प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो: कोरड्या जागी ठेवा. तो कोणी जपत नाही, कारण तो हळू आवाजात कोणी सांगत नाही.