नवव्या नंबरची आई

वयात आलेली मुलगी हाताबाहेर जाऊ नये म्हणून काय करावं, असं मालिवानला विचारा. नाही विचारलंत तरी ती सांगेलच. सेलाफूमच्या बाजारातल्या आपल्या पार्लरमध्ये केस कापता कापता ती कात्री हवेत थांबवायची आणि म्हणायची, "मोरलमला सोबत न्यावं. एका चटईवर बसून गाणं ऐकलं की मायलेकींमध्ये काही लपून राहत नाही. आता माझी फाय बघा. तिच्या पोटातलं सगळं मला ठाऊक."

हा सल्ला अर्ध्या बाजाराला फुकट मिळालेला होता. आणि तो नुसता तोंडचा नव्हता. फाय सात वर्षांची होती तेव्हापासून, सलग अकरा वर्षं, मालिवान तिला तावानच्या मोरलमच्या, म्हणजे गाण्या-नाचाच्या, फडाच्या कार्यक्रमांना नेत आली होती. पिकअप जाईल तिथवरचा एकही मोरलम त्यांनी सोडला नाही. कार्यक्रम संध्याकाळी सुरू व्हायचा असला तरी मालिवान दुपारी दोनलाच मैदानात हजर, कारण चटई जितकी पुढे तितकी इज्जत मोठी. चटईवर बर्फाची पेटी, चिकट भाताच्या टोपल्या, भाजलेली कोंबडी, हारांची पिशवी आणि नवरा थोंगदी. वाऱ्याने चटई उडू नये एवढंच थोंगदीचं काम होतं, आणि ते तो झोपून करायचा. फाय मधल्या जागेत पालथी पडून गृहपाठ करायची.

तावान हा फडाचा मुख्य गायक. एकतिशीचा गडी, पण अंगावर इतक्या टिकल्या की विशीतला वाटावा. मोरलमच्या मैदानात अशा गायकाला चाहत्या नसतात, आया असतात. साठीच्या, पन्नाशीच्या बायका स्टेजच्या कडेला जातात, त्याच्या गळ्यात हार घालतात, गालावरून हात फिरवतात आणि "लेकरा, किती वाळलास" म्हणून डोळे पुसतात. तोही गुडघ्यावर बसून प्रत्येकीला आई म्हणतो. घरी त्याची सख्खी आई होती की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. तेवढी जागाच उरली नव्हती.

या आयांचा कारभार आरुणी बाई बघायच्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण हजेरीपट काही सुटला नाही. कोण कुणाची आई, पहिली कोण, दुसरी कोण, कितव्या गाण्याला कुणी हार घालायचा, सगळं त्यांच्या वहीत. तावानच्या पानावर पहिल्या नंबरला स्वतः बाई होत्या आणि दुसऱ्या नंबरला मालिवान.

फडात नाचणाऱ्या चाळीस पोरीही मालिवानच्या लेकीच होत्या. त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेजारच्या गल्लीतली वांदी एकदा केस रंगवायला आली असताना सहज म्हणाली, "बाई गं, त्या पोरींचे झगे म्हणजे असून नसल्यासारखे." मालिवानने ब्रश खाली ठेवला. "ती कला आहे," ती म्हणाली. "त्या माझ्या लेकी आहेत. आधी माफी माग." वांदीचं अर्धं डोकं तांबडं आणि अर्धं पांढरं होतं, त्यामुळे तिने माफी मागितली.

पावसाळ्याचे तीन महिने फड बंद असतो. त्या वर्षी फायची बारावी झाली होती आणि ती दर शनिवारी खोन केनला कॉम्प्युटर क्लासला जात होती. निदान मालिवानला तसं ठाऊक होतं. एका संध्याकाळी पार्लर बंद होताना फायने तिच्यासमोर एक कागद ठेवला.

"आई, माझी निवड झाली."

"कशात?"

"तावानच्या फडात. नाचायला. दोनशे जणींतून सहा घेतल्या, त्यातली एक मी. वीस वर्षं पूर्ण नाहीत ना, म्हणून पालकाची सही लागते."

मालिवान आधी हसली. मग तिने कागद वाचला आणि तिचा चेहरा बदलला.

"ते पिसांचे झगे घालून? मांड्या उघड्या टाकून? गावोगावच्या दारुड्यांसमोर?"

"तूच म्हणतेस ना, कला आहे."

"आहेच कला! पण ती लोकांच्या पोरींनी करायची."

"लोकांच्या कुठे? त्या तुझ्या लेकी आहेत."

"म्हणते मी तसं! म्हणायला काय जातंय? त्यांना काय मी नऊ महिने पोटात वाढवलंय? तुला वाढवलंय. तू बँकेत बसायचं. एसीत. पांढरा शर्ट घालून."

"मग सात वर्षांची होते तेव्हा बँकेत का नाही न्यायचीस मला?"

मालिवानने आवाज चढवला. "पुढच्या चटईवर बसवलं ते बघायला! चढायला नाही बसवलं!"

थोंगदी केस धुवायच्या खुर्चीत मान मागे टाकून झोपला होता. आरडाओरड्याने जागा झाला, कागद घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि पेन मागितलं.

"फायचे बाबा, हात कापून टाकीन."

"अगं पण फायची आई," तो खरंच गोंधळून म्हणाला, "मला वाटलं आपण पोरीला शिकायलाच नेतोय. नाहीतर एवढी वर्षं कशाला नेलं असतं? गृहपाठ घरीही झाला असता."

आणि त्याने सही केली. अकरा वर्षांत झोपेतून उठून केलेलं त्याचं हे पहिलंच काम.

फाय फडाच्या तालमीला खोन केनला गेली. मालिवान निरोप द्यायला बाहेर आली नाही. फोन आला की ती थोंगदीकडे सरकवायची आणि पंख्याचा आवाज कमी करून ऐकत बसायची. पार्लरमध्ये मात्र तिने सांगून टाकलं की फाय खोन केनला अकाउंटिंग शिकते. एवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. पण तिने हॉस्टेल उभं केलं, फायचं अक्षर बघून थक्क झालेले एक सर उभे केले, आणि रात्री घोरणारी एक रूममेटसुद्धा.

पाऊस सरला आणि फडाचा मोसमातला पहिला कार्यक्रम नेमका सेलाफूमच्या मैदानात ठरला. मालिवानने जायचं नाही असं ठरवलं. गावातलं झाडून सगळं गिऱ्हाईक तिथे असणार, आणि स्टेजवर कोण असणार हे तिला ठाऊक होतं. चार दिवस ती ठाम राहिली. पाचव्या दिवशी आरुणी बाईंचा आयांच्या ग्रुपवर मेसेज आला: "जी येणार नाही तिचा नंबर खालच्या आईला जाईल." मालिवानच्या खालचा नंबर सोनाराच्या बायकोचा होता. झालं. मालिवानने हारांची ऑर्डर दिली. लेकीसाठी नाही, लेकरासाठी.

दुपारी दोनला चटई पडली. शेजारची चटई वांदीची निघाली.

"फाय नाही आली?" वांदीने विचारलं.

"परीक्षा आहे तिची."

"आत्ता ऑक्टोबरात?"

"अकाउंटिंगची परीक्षा कधीही असते."

थोंगदी आज झोपला नाही. मांडी घालून, ताठ, स्टेजकडे तोंड करून बसला. नवा शर्ट घातला होता आणि दाढी केली होती. चटईचा कोपरा वाऱ्याने उलटा झाला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

दिवे लागले. तावान आला. मालिवानने पाचच्या पाच हार त्याच्या गळ्यात घातले, गालावरून हात फिरवला, रडली आणि परत येऊन बसली. मग ढोल वाजले आणि पिसांचे मुकुट घातलेल्या चाळीस पोरी दोन्ही बाजूंनी आत आल्या.

तोंडावर इतका रंग होता की सगळ्या सख्ख्या बहिणी वाटत होत्या. मालिवानला वाटलं होतं, आपण ओळखणारच नाही, आणि देवाला तिने तेवढंच मागितलं होतं. पण डावीकडून तिसरी आली आणि तिचा डावा खांदा उजव्याहून जरासा वर होता. शाळेचं दप्तर एकाच खांद्यावर घेऊ नकोस म्हणून मालिवान बारा वर्षं ओरडली होती.

आणि पोरगी नाचत होती. मनगटं अशी वळत होती की बघणाऱ्याने श्वास धरावा. मालिवानने या मैदानात शेकडो पोरी बघितल्या होत्या, तिला चांगलं-वाईट कळत होतं, आणि ही चांगली होती. फार चांगली होती. मालिवानचा ऊर भरून आला. उठून उभं राहावं आणि ओरडावं असं तिला वाटलं.

"अगं ती बघ," वांदीने तिला कोपराने ढोसलं. "डावीकडून तिसरी. हात बघ कसे फिरतात! कुणाची गं पोर?"

मालिवानच्या तोंडात नाव आलं होतं. मग तिला हॉस्टेल आठवलं, सर आठवले, घोरणारी रूममेट आठवली.

"असेल कुणाची तरी," ती म्हणाली.

थोंगदीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

नाच संपला. तावान सहा पोरींना घेऊन पुढे आला आणि माइकवर म्हणाला, "आयांनो, या तुमच्या नव्या लेकी. आज पहिला दिवस. यांना अजून कुणी आई नाही हो! कोण घेतंय पदरात?"

मैदानातून हुंदक्यासारखा आवाज उठला. आरुणी बाई वही काखेत मारून सगळ्यांत आधी पायऱ्या चढल्या आणि सरळ फायसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तिच्या गळ्यात हार घातला, गालावरून हात फिरवला आणि माइकला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "आजपासून तू माझी."

फाय गुडघ्यावर बसली. हात जोडले. हसली. "आई, तू आलीस, बरं वाटलं."

मालिवान कधी उठली, कुणाच्या भाताच्या टोपलीत पाय दिला, तिला कळलं नाही. ती पायऱ्यांशी पोचेपर्यंत बाई खाली उतरून त्या पोरीच्या आयांची रांग लावत होत्या.

"माझी आहे ती!" मालिवान धापा टाकत म्हणाली.

"इथे सगळ्याच तसं म्हणतात," बाई वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या. "रांगेत ये. नऊ नंबर."

"बाई, ती फाय आहे! मी जन्म दिलाय तिला!"

"तुझी फाय अकाउंटिंगला आहे ना?" मागून आलेल्या वांदीने विचारलं. विचारताना तिचा हात नकळत केसांकडे गेला. "परीक्षा आहे म्हणालीस."

बाईंनी चार वर्षं त्या पोरीचा गृहपाठ चटईवर बसून तपासला होता. त्यांनी तिला ओळखलं नसेल हे मालिवानला पटणं शक्य नव्हतं. पण बाईंच्या चेहऱ्यावर फक्त हजेरी होती. "आणि रिकाम्या हाताने कशी आलीस? रिकाम्या हाताने कुणी आई होतं का?"

पाचही हार तावानच्या गळ्यात होते. मालिवानने सवयीने पिशवीत हात घातला, तिथे काही नव्हतं. तेवढ्यात थोंगदी गर्दीतून पुढे आला. त्याच्या हातात मोगऱ्याचा एक हार होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"मी आणला होता," तो म्हणाला. "तू घाल. बापांना नंबर नसतो."

मालिवान सोनाराच्या बायकोच्या पुढे नववी उभी राहिली. तिच्या पुढच्या आया एकेक करून वर चढत होत्या. हार, गालावर हात, गुडघे, जोडलेले हात. "आई, तू आलीस, बरं वाटलं." पुढची. "आई, तू आलीस, बरं वाटलं." आवाज तोच, हसू तेवढंच, ना कणभर कमी ना जास्त. तालमीत हेही शिकवतात हे मालिवानला ठाऊक नव्हतं. पलीकडे तावान अजून आया आटोपत होता. मालिवानने त्याच्याकडे पाहिलं, आणि हेच हसू आपण अकरा वर्षं खास आपलं म्हणून घरी नेलं, हे तिच्या लक्षात आलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिचा नंबर आला. जवळून फायच्या पापण्यांचा डिंक दिसत होता, घामाने रंग ओघळला होता, आणि मुकुटाखालचा अंबाडा कुणीतरी घाईघाईत उरकल्यासारखा बांधला होता. मालिवानने हार घातला आणि तिची बोटं आपोआप त्या अंबाड्याकडे गेली. एक पीन बाहेर आली होती, ती तिने नीट आत खोचली.

"टोचतेय का गं?" तिने हळूच विचारलं. "फाय, मी मघाशी वांदीला..."

फाय गुडघ्यावर बसली. तिने हात जोडले आणि हसली.

"आई, तू आलीस, बरं वाटलं."

मालिवान थांबली. आणखी काहीतरी येईल म्हणून ती वाकून उभीच राहिली. सोनाराच्या बायकोने मागून तिच्या पाठीला हार टेकवला, आणि फाय दहाव्या आईकडे वळली.