डोहातला वरवंटा

गावातले लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा सोन्यापासून सुरू करतात. माहं तसं नाई. सोनं मागून. पहिले माहा वरवंटा!

ज्या दसऱ्याले आम्ही सारे नागपूरले जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव हिंगणीच्या अलीकडं, बोर नदीच्या काठावर. परतताना गडीमाणसं पहिल्या गाडीनं निघाली, सेलू रोडले उतरून झपाझपा चालत गावात पोचली. आम्ही बायका लेकरं-बाकरं घेऊन मागून. गड्यांच्या अंगात जोशच असा होता, की आम्ही वेशीत पाय ठेवायच्या आत मोहल्ल्यातले सारे देव्हारे रिकामे. घरोघरचे देव गाठोड्यात बांधले, गाठोड्याले दगड बांधला अन् नदीच्या डोहात सोडून दिले. चांगलंच केलं. देव मानणार नाई, ही प्रतिज्ञा मीबी घेतली होती, हात वर करून, घसा ताणून. पण आमच्या गाठोड्याले दगड म्हणून नलूच्या बापानं काय बांधलं? माहा वरवंटा! अंगणात दगड नव्हते का? "हाताशी होता तो बांधला," म्हणे. तेव्हापासून मी नदीतल्या एका वाकड्या गोट्यानं चटणी वाटू लागली, अन् माह्या चटणीची चवच गेली.

नलूचे बाप म्हणजे माहे मालक, टिकाराम. नाव एकदा घेतलं, आता पुन्हा घ्यायले लावू नका.

तर त्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माही सासू भागाबाई, घरात शिरल्या, रिकामा देव्हारा पाह्यला अन् मटकन खाली बसल्या. डोळ्यांतून धारा लागल्या. नलूचे बाप मोहल्ल्याच्या पंच मंडळाचे सेक्रेटरी. दारात लोक जमलेले, अन् त्यांच्याच मायच्या डोळ्यांत पाणी! त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"माय, काल हात वर करून आलीस ना?" ते म्हणाले. "मग आता देवापायी काऊन रडून राह्यली?"

"धुरानं," आत्याबाई म्हणे.

चूल पेटलीच नव्हती.

मग रोज दिवस कलला की बुढी डोहावर जाऊन बसायची. शेजारची कमलाबाई मुद्दाम मले ऐकू जाईल असं म्हणायची, "सेक्रेटरीची माय अजून देवाले भेटायले जाते, बाई!" ते नलूच्या बापाच्या कानावर गेलं की घरात धुसफूस. ताटावरून उठून जायचे. मायलेकांचं बोलणं 'हो' अन् 'नाई'वर आलं. मधात मी. कोणाची समजूत काढू?

शेवटी माहाच पारा चढला. एक दिवस नदीवर धुणं धुता धुता मी म्हटलं, "आत्याबाई, एवढेच देव लागत असतील तर डुबकी मारून घेऊन या. येताना माहा वरवंटा आणजा."

बुढी अशी उसळली! "देव देव काय लावलं तू? देवाचं नाई पडलं मले. देवाच्या डब्यात माही पोत होती!"

माह्या हातातलं लुगडं धारेले लागलं, ते मी धावून पकडलं.

गहूमण्यांची, गळ्यात घालायची सोन्याची पोत. आत्याबाईले त्यांच्या मायनं दिलेली. आमच्याकडं पहिले बायकांची तिजोरी म्हणजे देवाचा डबा. पारोशानं त्याले कोणी हात लावत नसे, अन् गडीमाणसांले सकाळी आंघोळ करायचा कंटाळा. तर पितळेच्या डब्याच्या बुडाशी पोत, त्याच्यावर फडकं, फडक्यावर देव. एका साली आमचा बैल मेला, तेव्हा नलूच्या बापानं पोत मागितली होती. "ते केव्हाच मोडली," म्हणून आत्याबाईनं तोंडावर सांगितलं होतं. मोडली नव्हती. नलूसाठी राखली होती.

नलू माही पोरगी. चौथीत साऱ्या पोरांच्या वर आली. गुरुजी घरी येऊन सांगून गेले, इले वर्ध्याच्या शाळेत घाला, बोर्डिंगात ठेवा, हे पोरगी शिकंल. बापाची छाती फुगली, अन् मग खाली बसली. "शिकवायचं तर आहे," म्हणाले, "पण आणू कुठून?" तेव्हा मले वाटलं होतं की आणायले काहीच नाई. होतं तर! डोहाच्या बुडाशी, माह्या वरवंट्याखाली.

"मग सांगून टाका ना त्यांले," मी म्हटलं.

"काय सांगू? लेकाशी खोटं बोलली म्हणून सांगू?" आत्याबाईनं पदर तोंडाले लावला. "अन् सांगितलं तरी डोहात उतरंल कोण? गाठोडं वर निघालं की गाव म्हणंल, सेक्रेटरीनं देव परत आणले. मेला तरी उतरणार नाई तो."

खरंच होतं. माहा नवरा मले ठावा नाई का? मग मीबी दिवस कलला की बुढीजवळ डोहावर जाऊन बसायले लागली. कमलाबाईले आता दोघी भेटल्या बोलायले.

अन् अशात, उन्हाळ्यात, रूपराव भाऊजी आले. नणदेचा नवरा, कामठीले राहते. लढाईच्या दिवसांत मिलिटरीत होते, जमिनीत पुरलेले सुरुंग हुडकायच्या कामावर. मिलिटरीच्या भंगाराचा लिलाव झाला, त्यात तेच मशीन त्यांनी उचललं. लांब दांडी, दांडीच्या टोकाले तव्याएवढी थाळी, पाठीवर बॅटरीची पेटी अन् कानावर दोन डबडे. "वहिनी, जिथं धातू तिथं हे कानात ओरडते," म्हणे. मी म्हटलं, मग माह्या नवऱ्याले कशाले पाहिजे? त्यांच्या कानाशी ओरडायले मी आहो ना!

भाऊजी आले होते ते आमच्या सोननाल्यासाठी. या नाल्याच्या वाळूतून पहिले सोनझरी लोक लाकडाच्या परातीत धुवून धुवून सोन्याचे कण काढत. दिवसभर धुवावं तेव्हा बोटाच्या टोकाले चिकटंल एवढं. ते लोक केव्हाच गेले, नाव तेवढं राह्यलं. भाऊजीचा हिशेब सरळ होता. "कण निघत होते, म्हणजे कुठं ना कुठं गोळा असंल. परातीत गोळा कसा येईल? त्याले मशीन पाहिजे." नलूच्या बापानं फावडं उचललं. पोरीची शाळा त्यांच्या डोक्यात, दुसरं काय!

मग काय तमाशा! पुढं भाऊजी, कानाले डबडे, तोंड असं गंभीर की आत्ताच बाँब फुटंल. मागं नलूचे बाप फावडं घेऊन, त्यांच्या मागं सारा गाव. मशीन ओरडलं की भाऊजी हात वर करत अन् सारे श्वास धरून उभे. नलूचे बाप खणत. निघालं काय? बैलाचा नाल. गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा. गोडेतेलाचा डबा. एकदा बिनमुठीचा विळा निघाला, तर कमलाबाईनं झडप घातली, "माहाच तो! मी म्हणतच होती कोणं नेला!" तेवढ्या एका बाईचं भलं झालं.

नलूच्या बापाच्या हाताले फोड आले. माह्या घरातली ज्वारी सपाट्यानं कमी होऊ लागली, कारण भाऊजीले सोनं सापडो न सापडो, भूक बराबर सापडायची. अन् एका संध्याकाळी ते पेटीवर हात ठेवून म्हणे, "बॅटरी उतरून राह्यली. उद्याचा दिवस निघंल. मग मशीन म्हणजे नुसती काठी."

नलूचे बाप हाताचे फोड पाहत बसले. मले त्या माणसाची अशी दया आली! अन् त्या दयेतच डोक्यात चमकलं.

ताटात भाकर वाढता वाढता मी म्हटलं, "भाऊजी, नाल्याचं पाणी जाते कुठं?"

"नदीत."

"अन् पुरात जड असंल ते वाहत जाऊन बसते कुठं?"

भाऊजीचा घास हातातच राह्यला. त्यांनी नलूच्या बापाकडं पाह्यलं.

"डोहात!" दोघं संगंच ओरडले.

आता बोला! ज्या माणसानं स्वतःच्या हातानं त्या डोहात गाठोडं सोडलं, त्याले सोन्याच्या नादात ते आठवलंच नाई. चुलीजवळ बसलेल्या आत्याबाई माह्याकडं डोळे फाडून पाहू लागल्या. मी त्यांले डोळा मारला. सासूले डोळा मारणारी सून साऱ्या वर्धा जिल्ह्यात मीच असंल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सारा मोहल्ला डोहावर. उन्हानं डोह आटून मधात थारोळं राह्यलं होतं, बाकी नुसता काळा चिखल. भाऊजीनं थाळी चिखलावर धरली, अन् कानावरचे डबडे फेकूनच दिले. "अरे बाप रे! कान फुटले माहे! इथं तर खाणच आहे!"

लोक नाचायलेच लागले. नलूचे बाप मांडीएवढ्या चिखलात उतरून फावडं मारू लागले. पहिलं गाठोडं निघालं. भाऊजीनं गाठ सोडली. आत पितळेचे देव.

"अगं माय, हे तर माहे!" कमलाबाई बोलून गेली, अन् मग तोंडावर हात ठेवला.

दुसरं गाठोडं मोहल्ल्यातल्या लहानूच्या घरचं. तिसरं कोणाचं ते कोणी कबूलच करंना. मग जे हसणं सुटलं! काठावर बसलेली म्हातारी माणसंबी पोट धरून हसू लागली. भाऊजी मात्र भडकले. "पहिले सांगायचं ना रे, डोहात काय बुडवलं ते! माही बॅटरी खाल्ली फुकट!"

नलूचे बाप हसले नाई. चिखलात उभे, चेहरा पडलेला. "बंद करा मशीन," म्हणाले. "पंच मंडळाचा सेक्रेटरी डोहातून देव काढून राह्यला, हे उद्या आर्वीच्या बाजारापर्यंत जाईल. चला सारे घरी."

 बॅटरी संपली की मशीन गेलं, पावसाळा आला की डोह भरला, अन् शाळा तर त्याच्या आधीच सुरू. मी कासोटा खोचला अन् सरळ चिखलात उतरली.

"घरी काऊन?" मी ओरडली. "देवाशी माहं काही काम नाई. पण माहा वरवंटा इथं आहे, अन् तो घेतल्याबिगर मी हलत नाई! गाठोड्याले वरवंटा बांधणारा माणूस दुसऱ्या कोणत्या गावात आहे का, सांगा मले!"

पुन्हा हसणं. भाऊजीचाबी राग उतरला. "वहिनीचा वरवंटा काढून देतोच," म्हणत त्यांनी डबडे कानाले लावले. "दगड वाजणार नाई, पण त्याच्या संगंचं पितळ वाजंल." थाळी फिरू लागली. एक गाठोडं निघालं, माहं नाई. आणखी एक, तेबी नाई. आवाज बारीक होत चालला. "गेली बॅटरी," भाऊजी म्हणे, अन् तेवढ्यात हात वर केला. "थांबा. इथं. लहानसं बोलून राह्यलं."

फावड्याची वाट न पाहता मी हातच घातले कोपरापर्यंत. गार, गुळगुळीत, अन् एका टोकाले टवका उडालेला. तो टवका मले आंधळी झाली तरी ओळखू येईल!

"निघाला माहा वरवंटा!"

वरवंट्याले सुतळी, सुतळीले गाठोडं. काठावरून कोणीतरी घाईघाईनं येऊन राह्यलं होतं. आत्याबाई. लुगडं चिखलात, पाय फसून राह्यलेले, तरी थांबत नव्हत्या. सारं हसणं बंद झालं.

"माय!" नलूचे बाप ओरडले. इतक्या दिवसांचं साचलेलं त्या एका हाकेत निघालं. "हात लावू नको त्याले! साऱ्या लोकांसमोर माही लाज काढू नको!"

बुढीनं ऐकलंच नाई. गाठोडं फाडलं, डबा उघडला, देव काढून फडक्यावर ठेवले. मग डब्याच्या बुडाशी नखं घातली अन् कुजलेलं फडकं ओढलं. चिखलात माखलेली, पण पोतच. माह्या ओंजळीत ठेवली अन् म्हणे, "घे. नलूले वर्ध्याले पाठव."

मले रडू आलं ते आलंच. नलूचे बाप पोतीकडं पाहत, मग मायकडं पाहत.

"याच्यासाठी बसत होती तू डोहावर?"

"मग कशासाठी?" आत्याबाई म्हणे. "बैलाच्या वेळी खोटं बोलली, म्हणून तोंड उघडता येत नव्हतं. अन् तू, टिकाराम, सारा गाव काय म्हणते ते ऐकलं. मायले काही इचारलं नाई."

मग त्यांनी देव फडक्यात बांधले, चांगली गाठ मारली, अन् गाठोडं लेकाच्या हातात दिलं.

"मीबी तुह्यासंगं हात वर केला होता. घरी येऊन माह्या हातानं सोडले असते. तू मायची वाट नाई पाह्यली. आता इचार."

एवढा भाषणं ठोकणारा माणूस, पण त्यानं चिखलाच्या हातानंच डोळे पुसले, तर तोंड सारं काळं झालं, अन् कोणी हसलं नाई.

"माय," ते म्हणाले, "सोडू का?"

"सोड," आत्याबाई म्हणे. "अन् या खेपेले दगड बांधजो. वरवंटा सुनेचा आहे."