पुलाचे सहा चढ

नवऱ्याचं वजन उतरू नये म्हणून मी तीन आठवडे त्याच्या नाचणीच्या भाकरीच्या पिठात रोज दोन चमचे साजूक तूप मळत होते. तूप घरचं, मीच कढवलेलं. तुम्हाला राग येईल, पण आधी सगळं ऐकून घ्या.

माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, चार चार तास. श्यामची किडनी मला जुळते. पण डॉक्टरीणबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून सांगितलं, "आधी ब्याऐंशी किलोच्या खाली या. एवढ्या वजनाला एका किडनीवर सगळा भार टाकता येत नाही." तेव्हा श्याम चौऱ्याण्णव किलोचा होता. सव्वीस वर्षांच्या संसारात मी त्याला एकदाच धावताना पाहिलंय, तेही एका लग्नात, पहिली पंगत बसली म्हणून.

आमची रेवती फिजिओथेरपिस्ट आहे. तिने स्वतःची जुनी सायकल बापाच्या हवाली केली आणि फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. नुसतं रमतगमत फिरायचं नाही म्हणाली, इंटरव्हल करायचे. म्हणजे थोडा वेळ जीव तोडून पायडल मारायचं, मग सावकाश चालवत दम खायचा, की पुन्हा जीव तोडून. घड्याळाकडे बघत सायकल चालवणं श्यामला जमेना. त्याने आपली पद्धत काढली. नाहूरच्या रुळांवरचा पूल जोरात चढायचा, उतारावर दम खायचा, पलीकडून वळून परत यायचं. असे सहा चढ.

सकाळी निघताना तो माझ्या डाव्या हाताला बोटं लावतो. डायलिसिससाठी तिथल्या शिरा जोडल्यात, हात लावला की आत भुंगा अडकल्यासारखी घुरघुर लागते. ती लागली की म्हणतो, "चालू आहे गं," आणि मगच बूट घालतो.

चार महिन्यांत नऊ किलो उतरले. हत्ती गेला, शेपूट राहिलं म्हणून रेवती नाचली. मी मात्र हबकले. तोवर मी निर्धास्त होते, याला कसलं जमतंय म्हणून. आता खरंच या धडधाकट माणसाला टेबलावर झोपवून कापणार होते, माझ्यासाठी. काही कमी-जास्त झालं तर? आई अशी आजारी आणि बापही गेला, तर पोरीने कुणाकडे बघायचं? मी नको म्हटलं की श्याम म्हणायचा, "तुला विचारतंय कोण?" तेव्हा मी तोंडाने नको म्हणायचं सोडलं आणि तुपाची बरणी उघडली. वजन अडलं की डॉक्टरीणबाई आपणहून नाही म्हणतील, सुंठीवाचून खोकला जाईल.

आणि अडलंच. पंच्याऐंशी. पुन्हा पंच्याऐंशी. एकदा तर वर दोनशे ग्रॅम. तपासणी पंधरा मार्चला. काट्यावरून उतरताना श्यामचं तोंड एवढंसं व्हायचं आणि मी पाठ फिरवून ओटा पुसत बसायचे. डोळे मिटून दूध पिणारं मांजर म्हणजे मीच.

एका गुरुवारी तो पाण्याची बाटली घरीच विसरला. सहा चढ तर आतापर्यंत झाले असतील, तरी हा परत का आला नाही, म्हणून मी बाटली घेतली आणि रिक्षाने नाहूरला गेले. पुलाखाली उतरले तर हा उतारावरून खाली आला. टीशर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद. मला वाटलं, संपलं असेल. तर मला न बघताच वळला आणि पुन्हा चढायला लागला.

तो परत आला तेव्हा मी रस्त्यात आडवीच उभी राहिले.

"सहाच सांगितले होते ना रेवतीने? किती झाले?"

"नऊ." तो सायकलच्या दांडीवर ओणवा झाला. "दहा मारतो मी. सहा रेवतीचे, चार तुझ्या तुपाचे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. नाचणीची भाकरी दुपारी दोनला डब्यात मऊ राहते होय गं? माझ्या आईची नाही राहायची."

"मग खाल्लीस कशाला? टाकून द्यायची ना!"

"तू दिवसभर मोजून लिटरभर पाणी पितेस. उभं राहवत नाही तरी भाकऱ्या थापतेस. त्या टाकू?"

"सांगायचं तरी मला!"

"सांगितलं असतं तर तू दुसरं काहीतरी घातलं असतंस. तूप निदान चवीला झकास होतं." तो हसला आणि मला रडू फुटलं, भर रस्त्यात, रिक्षावाल्यांसमोर.

"मला भीती वाटते रे, श्याम."

"मलाही वाटते. पण तू त्या खुर्चीत चार तास पडून असतेस ना, तेव्हा जास्त वाटते. तिथे मला काहीच करता येत नाही. इथे निदान पाय मारता येतात."

मी बाटली त्याच्या हातात दिली. तो पाणी पीत असताना त्याच्या मनगटाला बोटं लावली. नुसतं धडधडत होतं.

"चालू आहे," मी म्हटलं.

"मग सोड. एक राहिलाय."

तो शेवटचा चढ चढला आणि मी खाली उभी राहून बघत राहिले. माझ्यासाठी एवढं कुणी कधी केलं नव्हतं, आणि मी त्यालाच तीन आठवडे मागे ओढत होते.

घरी आल्यावर तुपाची बरणी शेजारच्या जयंतीताईंना देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी उठून नुसत्या गरम पाण्यात पीठ मळलं. भाकरी कडेने चिरली. तशीच भाजली आणि डब्यात भरली. श्यामने डबा उघडून बघितला, भाकरीच्या चिरलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि झाकण लावलं.

मग माझ्या हाताला बोटं लावली, बूट घातले आणि दारातून विचारलं, "आज किती मारू गं?"

मी म्हटलं, "सहाच."