माझा हरवलेला पहिला फूट

मी एक जुनी कापडी टेप आहे, पन्नास फुटांची. खरं सांगायचं तर एकोणपन्नास. मित्रांनो, हसू नका. त्या एका फुटापायी एका माणसाची भिंत पडायची वेळ आली होती.

मला एका मोजणीदाराने आणलं. जुन्या शहराचा नकाशा करायचं काम त्याच्याकडे होतं. कमानी, पायऱ्या, वाकड्यातिकड्या गल्ल्या, सगळं मी अंग ताणून मोजलं. "ही माझा उजवा हात आहे," असं तो चारचौघांत सांगायचा आणि मी फुशारून जायचे. मग एका दारात अडकून माझं टोक तुटलं. पहिला फूट गेला. त्याने मला टाकलं नाही. एकच्या आकड्यापासून धरायचं आणि आलेल्या मापातून एक वजा करायचा, अशी आमची रीत पडली.

कमानीच्या गल्लीत मात्र तो दिवसभर वजा करायलाच विसरला. मला कळत होतं, पण टेपला तोंड कुठे असतं?

पुढे पोलादी टेपा आल्या आणि मी ट्रंकेत जाऊन पडले. वीस वर्षांनी त्याच्या मुलीने ट्रंक उघडायला लावली. तीही मोजणीदार झाली होती. तिचा चेहरा उतरला होता. नकाशात कमानीची गल्ली तेरा फूट रुंद होती, जागेवर बारा. त्या गल्लीतल्या घड्याळजीकाकांनी दुकानाची भिंत फूटभर पुढे घेतली, असा ठपका होता. सोमवारी ती पाडायची होती.

"बाबा, काका म्हणतात, मी विटेलासुद्धा हात लावला नाही."

म्हाताऱ्याने माझ्या तुटक्या टोकावरून बोट फिरवलं. मग तो म्हणाला, "कमानही त्याच दिवशी मोजली होती. नकाशात किती आहे?"

"नऊ फूट."

"चल, जागेवर बघू."

कमान आठच भरली. दगडी कमान काही वाळून बारीक होत नाही.

"चूक माझी आहे, लेखी देतो," तो दुकानाच्या दारात मान खाली घालून म्हणाला.

काकांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. उन्हातून आलात."

सोमवारी भिंतीऐवजी नकाशा दुरुस्त झाला. मला किती हायसं वाटलं, काय सांगू!

मुलीने माझ्या टोकाला चिठ्ठी शिवली: 'पहिला फूट नाही. एक वजा करा.' मित्रांनो, जुनी वस्तू जरूर सांभाळा, पण तिची मोडतोड झाकू नका. तिच्यावरच लिहून ठेवा. आता मला हातात घेणारा आधी चिठ्ठी वाचतो, मग मला ताणतो. मी निर्धास्त आहे.